ड्रेसिंगच्या टेबलावर धरलेलं दारं

सकाळी मी चुलाणाची पूजा केली आणि दुपारी भाजले. आधी तेच सांगते, कारण माझं देवीशी भांडण तिथूनच सुरू झालं. वरकुट्यात आमचं गुऱ्हाळ आहे. हंगामाचा पहिला जाळ घालायच्या आधी चुलाणाला हळदकुंकू वाहायचं, गावच्या लक्ष्मीआईच्या नावानं नारळ फोडायचा, अशी आमची रीत. मी ती मनापासून केली, निवद दाखवला. आणि काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, उतरवताना साखळी निसटली, उकळता पाक माझ्या उजव्या हातावर आला. पाणी असतं तर ओघळून गेलं असतं. गुळाचा पाक चिकटून बसतो. माझ्या मालकांनी हात हौदात बुडवून धरला आणि मग गाडीत घालून मला बारामतीच्या दवाखान्यात आणलं. वाटेत मी देवीला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. "नारळ खाल्लास, आता हात बी खा," एवढं मात्र नक्की म्हणाले.

भाजल्याचं दुखणं सोसता येतं हो, ड्रेसिंगचं नाही. जुनी पट्टी सोडवायची, जखम धुवायची, वर एकेक बोट सरळ करायचं. आधी इंजेक्शन द्यायचे, तरी माझा जीव जायचा. मी सिस्टरला ढकललं, एकदा तर कात्री-चिमट्यांचा ट्रे उडवला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की जखम नीट धुतली नाही, बोटं हलवली नाहीत, तर कातडी आखडेल आणि मूठ कायमची मिटून बसेल. उजवा हात गेला म्हणजे भाकरी गेली, खुरपं गेलं, लेकीची वेणी गेली. मला सगळं कळत होतं. पण ट्रॉली दिसली की मी ओरडायचे, "ऱ्हाऊ द्या तसाच! थोटी जगंन मी!" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उशाशी बसून म्हणायच्या, "अगं, लक्ष्मीआईचं नाव घे." मी म्हणायचे, "तुमीच घ्या. माझं तिचं बोलणं बंद हाय."

एके दिवशी एक डॉक्टर मॅडम आल्या, त्या माझ्यासाठी नव्हेच. शेजारच्या वॉर्डात दुसऱ्याच एका बाईला बघायला आल्या होत्या, आणि त्या बाईला सकाळीच पुण्याला हलवलं होतं. हेलपाटा झाला म्हणून परत निघालेल्या मॅडम माझा आरडाओरडा ऐकून दारात थांबल्या. म्हणाल्या, मी संमोहन करते, दुखणं सोसायला मदत होते. मी भडकलेच. "मला भुलवायला आलाय व्हय? मांत्रिक गावात बी हायती!" त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, "औषधं चालूच राहतील. मी फक्त मन दुसरीकडं न्यायची वाट दाखवते. जाणार तुम्ही, यायचं तेव्हा परत येणारही तुम्हीच." मग डोळे मिटायला सांगून त्या समुद्रकिनाऱ्याचं वर्णन करू लागल्या. मी डोळे उघडून म्हटलं, "समुद्र बघितलाय कुणी?" त्या हसल्या. "मग तुम्हांला गार कुठं वाटतं?"

"उसाला दारं धरताना."

त्यांना ते माहीत नव्हतं. "एवढं बी ठावं न्हाय?" म्हणत मीच सांगायला लागले. पाटाचं पाणी येतं. सरीच्या तोंडाची माती खोऱ्यानं ओढायची, पाणी आत शिरतं. सरी शेवटापर्यंत भिजली की ते तोंड बंद करायचं, पुढच्या सरीचं उघडायचं. पाय घोट्यापर्यंत चिखलात, आणि पाणी असं गार की पोटऱ्यांपर्यंत शिरशिरी येते. मॅडम हळू आवाजात विचारत राहिल्या. आता पाणी कुठवर आलं? माती ओली झाली का? हात पाण्यात घालून बघा बरं. मी सांगत गेले, आणि सांगता सांगता डोळे कधी मिटले ते कळलं नाही. सिस्टर हाताशी काहीतरी करत होत्या, हे समजत होतं. दुखतही होतं. पण ते दुखणं बांधापलीकडं कुणी बोलावं तसं लांबून येत होतं, आणि मी माझ्या सऱ्या भरत होते.

नेमक्या तेवढ्यात आत्याबाई डबा घेऊन आल्या. बघतात तर सून डोळे मिटून डोलतेय, वेगळ्याच आवाजात बोलतेय, "पाणी आलं, येऊ दे, येऊ दे." झालं! त्यांनी डबा खाली ठेवला, कनवटीची कुंकवाची पुडी काढली आणि माझ्या कपाळाला मळवट भरला. "कुठली गं तू आई? आमचं काय चुकलं? माझ्या सुनंचा हात दे!" मी ते ऐकत होते. एरवी खदखदा हसले असते, नाहीतर चिडले असते. पण त्या म्हातारीचा आवाज इतका रडवेला होता की माझ्या तोंडून निघालं, "कुणाचं काय चुकलं न्हाय. रडू नगंस." आजवर मी आत्याबाईंना कधी अगंतुगं केलं नव्हतं. डोळे उघडले तेव्हा नवी पट्टी बांधून झाली होती, आणि सिस्टर माझ्या कपाळाकडं बघून तोंड दाबून हसत होत्या.

आत्याबाईंनी सगळ्या वॉर्डात सांगितलं, देवी बोलली. मी म्हटलं, "देवी-बिवी काय न्हाय, मीच होते. मॅडमनी शिकवलेली विद्या हाय ती." आत्याबाई म्हणाल्या, "तुला गं काय कळणार? ज्याच्या अंगात येतं, त्याला कधी कळतंय व्हय?"

मॅडम नंतर अधूनमधून येत राहिल्या, आणि मग माझं मीच करायला शिकले. दर वेळी जमलं असं नाही. कधी पाणी पाटातच अडायचं आणि मी पूर्वीसारखी किंचाळायचे. मांडीची कातडी काढून हातावर लावली, तेव्हा तर मी सगळ्या देवांचा उद्धार केला. पण ट्रे पुन्हा उडवला नाही. मॅडम म्हणायच्या, दुखण्याशी झटू नका, त्याला वाट द्या. लोक याला शरण जाणं म्हणतात. म्हणोत. मी मान टाकली नव्हती. आलेलं पाणी छाती लावून अडवत नाहीत, वळवतात, एवढं मला कळलं, आणि वळवायला खोरं हातात धरावंच लागतं. मॅडमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. त्या बाईला सकाळीच का हलवलं, मॅडम नेमक्या माझ्याच दारात का थांबल्या, हे मी कुणाला विचारत नाही.

घरी आल्यावर आत्याबाईंनी मला लक्ष्मीआईच्या देवळात नेलं. मी गाभाऱ्यापुढं उभी राहिले. हात जोडायला गेले, तर डाव्या हाताची बोटं ताठ, उजव्याची अर्धी वाकलेली. तळवे टेकत होते, बोटं जुळत नव्हती. आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी देवीकडं सरळ बघितलं आणि म्हटलं, "एवढेच जुळत्यात. घ्यायचा तर असाच घे नमस्कार."

आणि मी तशीच उभी राहिले, तिनं घेईपर्यंत.