फळ्यावरचा अर्धा रेणू

विनता राइट टाउनमधल्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत अकरावीला रसायनशास्त्र शिकवायची.

ती म्हणायची, पाठांतर कमी पडलं म्हणून पोरं नापास होत नाहीत. त्यांना कागदावरचं चित्र उचलून मनात फिरवता येत नाही, म्हणून होतात. थंडीत ती घरून मटार न्यायची आणि खराट्याच्या काड्या. एका दाण्यात चार काड्या, चार दिशांना. प्रत्येकीच्या टोकाला एक दाणा. झाला मिथेन.

"मैडम, पराठे कब बनेंगे?" मागून यायचं.

"पहले आँख बंद करके इसे घुमाओ."

फळ्यावर ती मुद्दाम अर्धाच रेणू काढायची. उरलेला मुलांनी पुरा करायचा.

दिवाळीनंतर तिच्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गाठ अडकली. तीस वर्षांची होती. हात-पाय वाचले, वाचा वाचली. घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली. मी त्यांच्या शेजारचा, विनताचा लहानपणापासूनचा मित्र. मग एकदा तिची आई, सुहासिनीकाकू, मला हळूच म्हणाली, "ताटात डावीकडची चटणी तशीच ठेवते रे. म्हणते, वाढलीच नाही."

डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत. मेंदू डावी बाजू धरत नाही. शिकवणं सध्या नको.

"काहून?" विनता माझ्यावर उखडली. "बरोबर बोलून तर राहिली मी! तू ये वर्गात. चुकली तर सांग. सोडून देते."

मी गेलो. शेवटच्या बाकावर बसलो.

तिनं बेंझिन काढलं. षटकोनाची उजवी बाजू. रेषा नेहमीसारख्याच नेटक्या. डावीकडे काहीच नाही. वर्गानं सवयीनं उरलेलं वहीत काढलं. गौरांग नावाच्या मुलानं विचारलं, "मैडम, बायाँ हिस्सा हमें ही बनाना था न?"

ती फळ्याकडे वळली. पाहत राहिली.

"कौन सा बायाँ हिस्सा?"

मुलं हसली. त्यांना ही तिची नेहमीची युक्ती वाटली.

तिनं मटारचा दाणा घेतला. काड्या खोचल्या. सगळ्या उजव्या अंगानं. दाणा फुटला.

तास संपला. वर्ग रिकामा झाला.

"चुकली का मी?"

तिनं डोळे मिटले. मुलांना करायला लावायची तेच आता ती करत होती.

"पुरं होऊनच नाही राहिलं," ती म्हणाली. "फिरवलं की दुसरं अर्धं येते. अन् पहिलं जाते."

डोळे न उघडताच तिनं हातातला खडू पुढे केला. मी घेतला.

"प्रिन्सिपल मॅडमला तूच सांगून दे."