गळता नळ

बाबा गेले त्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या बागेतली झाडं सुकायला लागली. मी रोज बघत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं.

बिल्डिंग विक्रोळीत, आमच्या जुन्या चाळीच्याच जागेवर उभी राहिलेली. पार्किंगच्या डोक्यावर बिल्डरने बाग करून दिली होती. तिला तो लँडस्केप म्हणायचा. मधे गवत, कडेने शोभेची झुडपं, आणि रोज दुपारी टँकरच्या पाण्याचा पाईप. निम्मं पाणी फरशीवरून वाहत लिफ्टपर्यंत यायचं. बाबांना ते सहन होत नव्हतं. गोवंडीत बायका डबे घेऊन रांगेत उभ्या असतात आणि आपण गवताला आंघोळ घालतो, असं ते मीटिंगमध्ये म्हणाले आणि घरी येऊन त्यांनी पत्रक काढलं. बाबा कारखान्यात युनियनचे. पत्रक निघाल्याशिवाय त्यांचं कुठलंच मत पूर्ण होत नसे. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. ‘निषेध’ मला ‘नमस्कार’च्या आधी लिहिता येत होतं.

खूप भांडून त्यांनी गवत काढायला लावलं. त्या जागी बोगनवेल, कण्हेर, कोरांटी, सदाफुली आली, कमी पाण्यावर तगणारी. मातीवर सुक्या पानांचा आणि नारळाच्या काथ्याचा जाड थर, म्हणजे ओल उडून जात नाही. झाडांच्या बुडाशी काळी नळी आणि तिला जागोजागी बोटाच्या पेराएवढे ड्रिपर. सकाळी नळी आपोआप चालू व्हायची आणि थेंब थेंब पाणी मुळाशी पडायचं. शेतात ठिबक असतं तसंच. बाबा खुर्ची टाकून ते थेंब बघत बसायचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. हार्ट अटॅक. माणसं आली, गेली, मी चहा केला. मीही लिहिते, माझ्या लिहिण्यावर लोक चिडतात, आणि मला ते आवडतं. पण तेव्हा लिहायला बसले की हात टेबलावर नुसता पडून राहायचा.

एकदा सेक्रेटरीकाका लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, “तुझ्या वडिलांबद्दल आदर आहे ना, पण झाडांची वाट लागली बघ. रविवारी मीटिंग आहे. ती नळी काढून टाकू, परत लॉन घालू. डोळ्यांना जरा हिरवं दिसेल.”

“टँकरने?”

“मग काय बिसलेरीने?”

एरवी मी त्यांना लिफ्टमधून उतरू दिलं नसतं. त्या दिवशी मी एवढंच म्हणाले, “रविवारपर्यंत थांबा.” बाबांचं शेवटचं काम उपटून फेकणार होते, हे मला कळत होतं. कळण्यापलीकडे काही होत नव्हतं.

मी खाली गेले. टाकीत पाणी होतं, फिल्टर साफ होता. मग मी पाला बाजूला करून नळी चाचपत निघाले. पहिल्या ड्रिपरच्या तोंडात काडेपेटीची काडी खुपसलेली होती. दुसऱ्याच्याही. पुढच्याला चिंधी गुंडाळून वर दोऱ्याची पक्की गाठ. हा घातपात आहे, हे लॉनवाल्यांचं कारस्थान आहे, अशी वाक्यं डोक्यात तयार झाली. पण दुसऱ्या कुणाचं पत्रक वाचावं तशी ती मला वाटली. राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी चालू व्हायच्या वेळी मी बाकावर जाऊन बसले. जुन्या चाळीतल्या बायका फेऱ्या मारायला आल्या. त्यांत आई होती. कण्हेरीपाशी ती वाकली आणि गाऊनच्या खिशातून काडी काढली.

“आई, काय करतेस?”

“गळतंय गं.” तिने मानही वर केली नाही.

शेजारच्या मालवणी काकू म्हणाल्या, “गळता हा मगे बंद नको करूक? आमी रोज करतो. तो प्लंबर मेलो सगळीकडे भोकां ठेवून गेलो.”

आमच्या चाळीत सगळ्यांना मिळून एकच नळ होता. त्याच्या मागच्या भिंतीवर बाबांनी लाल रंगाने लिहिलं होतं: गळता नळ दिसला तर पुढे जाऊ नका. कुणी जात नसे. चिंधी, दोरा, साबणाचा तुकडा, मिळेल ते लावून माणसं थेंब थांबवायची. भिंत पडली, नळ गेला. या बायका मात्र अजून पुढे जात नव्हत्या.

“ते गळत नाहीये,” मी म्हणाले. “तसंच असतं ते. एकदम ओतलं की पाणी वाहून जातं. थेंबाथेंबाने मुळं पितात. बाबांनी मुद्दाम तसं बसवलंय.”

“पाणी वाचवायला बसवलंय म्हणाले होते.”

“पत्रकात सगळं होतं, आई.”

“पत्रकं मी दारोदार वाटली. वाचली नाहीत.” तिने काडी बोटांत फिरवली. “घरात एकदा तोंडाने सांगायचं ना.”

मी वाकून शेजारच्या ड्रिपरमधली काडी उपटली.

“मला वाटायचं, तेवढं तरी त्यांचं काम आपण करतोय,” ती म्हणाली आणि फतकल मारून मातीत बसली. एकेक काडी उपटून ती गाऊनच्या घोळात टाकत गेली. काकूही बसल्या. चिंधीची गाठ दातांनी सोडताना म्हणाल्या, “झाडांका आमीच मारलव काय गो?” आणि मग हसल्या. आई हसली नाही.

रविवारी मीटिंगमध्ये आई उभी राहिली. बाबा असताना ती कधी बोलली नव्हती. “ड्रिपर आम्ही बायकांनी बंद केले होते. आता नाही करणार. नळी काढू नका.”

मागून कुणीतरी म्हणालं, “वहिनी, घरात काड्या उरल्यात ना?” सगळे हसले. सेक्रेटरीकाकांनी कपाळाला हात लावला आणि पुढचा विषय घेतला. नळी राहिली.

बोगनवेल आणि कण्हेर फुटली. सदाफुली गेली ती गेलीच.

आई अजून रोज सकाळी खाली जाते. थेंब पडायला लागले की तिचा हात खिशाकडे जातो. मग ती दोन्ही हात पाठीमागे धरते आणि तिथेच उभी राहते, नळी बंद होईपर्यंत. मी शेजारी उभी असते. मला अजून रडू आलेलं नाही.