बंधाऱ्यावरचा गटप्रमुख

साखऱ्याच्या श्रमदान शिबिरात तो आमचा गटप्रमुख होता. ओढ्यावर बंधारा घालायला आम्ही वाळूची पोती उचलायचो, आणि हा नुसता हिंडत प्रत्येकाला विचारायचा, “तकलीफ न्हाई ना?” मला तो कामचुकारच वाटायचा.

शेवटच्या दिवशी मधली पोती सरकली, पाणी घुसलं आणि सगळे ओरडू लागले. तो माझ्याकडे आला.

“तू सांग, आमी करतो.”

“मीच काहून?”

“तू एकटीच ओरडून न्हाई राहिली.”

एवढं बोलून तो पोतं उचलून रांगेत उभा राहिला. मी सांगत गेले, पोरं ऐकत गेली, बंधारा टिकला. सरांनी मला शाबासकी दिली, तेव्हा तो लांबून हसत होता.

त्याचा माझ्यावर खरंच भरवसा होता, की बंधारा वाहून गेला असता तर बोट दाखवायला त्याला कुणीतरी हवं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.