जित्ते झिंगे

सावली गावाच्या बसस्टँडासमोर रुखमाबाईची खानावळ होती. बाईचा हात चुलीवर जितका चालायचा तितकाच माणसांवरही चालायचा. भाजीला नाव ठेवणाऱ्या एका ड्रायव्हरला तिने उलथन्याने झोडपलं होतं, आणि तोच गडी दुसऱ्या दिवशी मान खाली घालून जेवायला आला होता, कारण तशी झिंग्याची भाजी पार गडचिरोलीपर्यंत कोणी करत नव्हतं. तिचा नवरा होता तोवर त्याने तिला मारलं. तो गेला, मार तेवढा घरात राहिला. लोक म्हणायचे, बाई हाताची जड आहे पण मनाची साफ आहे. साफ मनाच्या माणसाचा मार कमी लागतो, असं मात्र कोणी मार खाणारा म्हणाला नाही.

आश्विनात धान निसवायला लागलं की शेतातल्या बोड्यांचं, म्हणजे लहान तळ्यांचं, पाणी उतरायचं आणि बाजारात झिंगे यायचे. पळसाच्या पानांवर वाटे लावून बाया बसायच्या. रुखमाबाई वाट्याकडे बघायचीसुद्धा नाही. सरळ टोपल्यात पंजा घालायची आणि डोळे मिटून उभी राहायची. झिंगे उसळले, तळहाताला टोचले, तर टोपलंच्या टोपलं उचलायची. नाही टोचले तर विकणाऱ्याची धडगत नव्हती.

नव्व्याण्णव सालच्या आश्विनात पत्रू ढिवराची पाळी आली. रात्रभर बोडीत जाळं धरून त्याने झिंगे काढले, पण तीन कोसांच्या वाटेत सायकल पंक्चर झाली आणि बाजारात पोचेपर्यंत माल मलूल झाला. रुखमाबाईने पंजा घातला. काहीच टोचलं नाही.

"काऊन बे पत्रू, मले मुर्दे खाऊ घालतं?"

"सकाळचेच हायेत बाई, सायकल..."

तिने मूठभर झिंगे त्याच्या तोंडावर रगडले, वर दोन थपडा ठेवून दिल्या. आख्खा बाजार हसला. शेजारी पत्रूची बायको बुधरी बसली होती. ती धुळीत पडलेले झिंगे एकेक वेचत राहिली. तेवढं टोपलं एकदम घेणारं दुसरं गिऱ्हाईक सावलीत नव्हतं, त्यामुळे पत्रू गालावरची टरफलं पुसून पुन्हा टोपल्यापाशी बसला.

"पुढच्या बजारी मले जित्ते पायजेत," रुखमाबाई म्हणाली. "तडफडते. नाई तं टोपल्यासकट तुले चुलीत घालीन."

पुढच्या बाजारी पत्रूने फडकं बाजूला केलं आणि आजूबाजूच्या बाया बघतच राहिल्या. झिंगे टोपल्याबाहेर उड्या मारत होते. रुखमाबाईने पंजा घातला आणि सुया टोचाव्यात तसे ते टोचले.

"आता कसा वठणीवर आला!" ती खूश होऊन म्हणाली. बुधरीने घरासाठी एक वाटा पानात बांधून ठेवला होता, तो सोडून सगळा माल रुखमाबाईने उचलला.

झिंगे सोलायचं काम तिच्या लेकीचं, स्वातीचं. पंधरा वर्षांची पोर. डोकं मोडून, पाठीतला काळा दोरा ओढून तिने चार झिंगे परातीत टाकले आणि नाक वाकडं केलं.

"माय, याले वास येऊन राह्यला. धानावर औषध मारते ना, तसा."

रुखमाबाईने हुंगलं. तिला वास आला नाही. येणार कुठून? वीस वर्षं मिरचीच्या खकाण्यात आणि चुलीच्या धुरात तिचं नाक कधीच निकामी झालं होतं. पण ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही नाही.

"झिंग्याले झिंग्याचाच वास येईन. सोल गुमान."

जवसाच्या तेलात लसूण चरचरला, कांदा पडला, तिखट पडलं, चिंचेचा कोळ पडला, वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. बाकावरची माणसं सरकून बसली. या खानावळीची एक रीत होती. पहिलं ताट घरचं. गिऱ्हाइकांसमोर घरच्या माणसाने खायचं, मग बाकीच्यांना वाढायचं. भात अजून उतरायचा होता, म्हणून रुखमाबाईने ताटलीत नुसतेच झिंगे काढून स्वातीसमोर ठेवले.

"मी नाई खात," स्वाती म्हणाली. "वास येते."

बाकावर कुजबुज झाली. एकाने पुढ्यातली रिकामी ताटली दूर सारली. भर खानावळीत, पोटच्या पोरीने! रुखमाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. तिने खाडकन थप्पड मारली. स्वातीचं डोकं कुडाच्या भिंतीवर आपटलं. मग जबडा धरून तिने झिंगा तोंडात कोंबला.

"खाय म्हनते ना! तोंड उघड!"

स्वातीने रडत रडत आख्खी ताटली संपवली.

भात उतरेपर्यंत पोरीला घाम फुटला. मग उलटी झाली. तोंडातून लाळ गळायला लागली, हातपाय थरथरू लागले, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या. कोणीतरी ओरडलं, "औषध हाय बे याच्यात!" आणि बाकं उलटी पाडत माणसं उठली. एकाने लाथेने भाजीचा गंज पाडला. सगळा रस्सा चुलीत सांडला आणि तिखट धुराने खानावळ भरून गेली. त्या धुरातून रुखमाबाईने लेकीला खांद्यावर टाकून बसस्टँडावरच्या जीपपर्यंत पळवलं.

वैनगंगेचा पूल येईपर्यंत ती पोरीच्या गालावर चापट्या मारत होती. "डोये उघड! उघड नाई तं पाह्य, मारीन!" तिला दुसरं काही करता येत नव्हतं.

गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, सुया दिल्या, आणि रात्र निघाली तर बघू म्हणाले. रुखमाबाई बाहेर आली, तर व्हरांड्यात पत्रू बसला होता.

तिने चप्पल काढली. पहिला फटका तोंडावर, मग पाठीवर, मग जिथे लागेल तिथे. "माह्या पोरीले मारून टाकलं रे तू! जह्यर देल्लं!" पत्रूचा ओठ फाटला, रक्त सदऱ्यावर आलं. त्याने हात वर केला नाही. शेवटी दोन वॉर्डबॉयनी तिला मागे ओढलं.

"मार बाई," पत्रू म्हणाला. "पाटलाच्या धानावर मारून औषध उरलं होतं, थोडंसं बोडीत टाकलं. सकाळी सकाळी झिंगे आपनच उड्या मारत काठावर आले. जित्ते होते ना. जित्त्या झिंग्यात जह्यर रायते, हे मले का मालूम? मालूम असतं तं बुधरीले खाऊ देल्लं असतं का?"

त्याच्या मागे स्ट्रेचर होतं. त्यावरची चादर पायापासून डोक्यापर्यंत ओढलेली होती. रुखमाबाईच्या हातातली चप्पल खाली पडली.

उजाडताना नर्सने हाक मारली. नळी काढली होती, पोर शुद्धीवर येत होती. रुखमाबाई खाटेपाशी धावली. स्वातीच्या केसात ओकारी वाळली होती. ते केस बाजूला करायला बाईने हात पुढे केला.

स्वातीने दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं.

"मारू नको वो माय," ती म्हणाली. "खाते मी. खाते."