उरलेलं कोरं पान

बातमी आली तेव्हा मी शिरूरच्या छापखान्यात बसलो होतो. सकाळपासून गेलेली वीज नुकतीच आली होती, मशीन धडधडायला लागलं होतं आणि माझ्या मित्राच्या, रघूच्या पुस्तकाची पानं एकेक करून बाहेर पडत होती. फोन मालकांनी, पोपटमामांनी, घेतला. फोन ठेवून त्यांनी मशीन बंद केलं. मला कळायचं ते कळलं. एक दिवस, फक्त एक दिवस हवा होता... तोही मिळाला नाही.

आता पेपरच्या पुरवणीवाले म्हणतात, रघूच्या या अतिलघुकथांच्या संग्रहाची वाचकांना ओळख करून द्या. काय कपाळ ओळख करून देऊ? रघू दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नोकरीला होता. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत. तेवढ्या वेळात लोक चहाला उतरत. रघू त्यांच्यात जाऊन उभा राहायचा आणि ओळख ना पाळख, गोष्ट सांगायला लागायचा. इंजिन लागायच्या आत ती संपलीच पाहिजे, हा त्याचा नियम. असं करता करता त्याच्या गोष्टी चार-चार ओळींच्या झाल्या. या संग्रहातलीच एक सांगतो. बाईनं दोन ताटं वाढली. स्वतः जेवली, दुसरं झाकून ठेवलं. सकाळी ते गायीला घातलं. संध्याकाळी पुन्हा दोन ताटं वाढली. संपली गोष्ट. मी चिडवायचो, "अरे, मीठ तरी विरघळू दे." तो म्हणायचा, "फुडचं ऐकणाऱ्यानं डब्यात बसून बघायचं. माझं काम झालं."

मग त्याचं लिव्हर गेलं. डॉक्टरांनी हात टेकले आणि त्याला घरी आणलं. पुस्तक हातात घ्यायचंय, एवढीच त्याची मागणी होती. मी गोष्टी पोपटमामांकडे छापायला दिल्या; त्यांचा जन्म लग्नपत्रिका छापण्यात गेलेला. पत्रिकेत नखाएवढी जागा सुटली तरी तिथं कुणा चुलत्याचं, आत्याच्या नातवाचं नाव बसवायचं, हा त्यांचा धर्म. चार ओळींखाली अख्खं पान कोरं बघून त्यांचा जीव तुटला. त्यांनी मथळे काढून टाकले, सगळ्या गोष्टी एकामागोमाग एक जोडल्या आणि प्रूफं एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर परस्पर दौंडला धाडली. वर मला अभिमानानं सांगितलं, "येक बोटभर जागा वाया जाऊ दिली न्हाई."

मी धावत दौंड गाठलं. रघूच्या छातीवर कागद पसरलेले होते. "हे बघ," तो म्हणाला, "म्हातारीचं मयत उचललंय, आन् तिथंच दुसऱ्या गोष्टीतली वरात घुसलीय." तो हसला आणि हसता हसताच रडायला लागला. "वाचणाऱ्याला थांबायला जागाच न्हाई ठेवली रे. हे बघून मरू का मी?"

मी उठलो. तसाच शिरूरला परत आलो. मामांनी कपाळ बडवून घेतलं आणि ते पुन्हा पहिल्यापासून पानं लावायला बसले. पण भारनियमनाचे दिवस. वीज यायची, दोन पानं झाली की जायची. मी त्या मुक्या मशीनपुढं बसून देवाकडे विजेची भीक मागितली, मग त्यालाच शिव्या घातल्या. कशाचाही उपयोग झाला नाही.

तेराव्यानंतर नवं पुस्तक घेऊन गेलो. देखणं झालंय, प्रत्येक गोष्टीला आपलं पान आहे. रघूच्या बायकोनं, कौसल्यावहिनींनी, ते कपाळाला लावून फळीवर ठेवलं आणि उशाखालून ती चुकलेली प्रूफं काढली. मी निघून गेल्यावर रघूनं पेन्सिल मागून घेतली होती. पडल्या पडल्या तो रेघा मारून एकेक गोष्ट दुसरीपासून सोडवत बसायचा. सुरुवातीच्या रेघा सरळ आहेत. मग वाकड्या होत जातात. मग एका पानावर रेघ निघते आणि अर्ध्यातच राहते... त्यापुढच्या गोष्टी एकमेकींत तशाच अडकलेल्या आहेत.

मला ते बघवेना. म्हणालो, "वहिनी, द्या इकडं. उरलेल्या रेघा मी मारतो."

त्यांनी कागद पोटाशी धरले.

"ऱ्हाऊ द्या भावजी. त्यांचं काम हाय ते, त्यांनाच करू द्या."