गुळाचा खडा आणि बाबांचा दम

आमच्या पेणात गणपतीच्या कारखान्यातल्या माणसाला दम लागला की त्याला डॉक्टरकडे नेत नाहीत, गुळाचा खडा देतात. मूर्ती घासताना प्लॅस्टरची जी पांढरी धूळ घशात जाते, ती म्हणे गुळानं सुटते. माझे बाबा मूर्तींचे डोळे आखायचे. ते धापा टाकायला लागले तेव्हा आईनंही गूळच दिला. पाय सुजले, तर म्हणाली, दिवसभर मांडी घालून बसतात, सुजणारच. प्रत्येक दुखण्याला कारखान्यातलंच कारण तयार. बाबांना काही सांगायला जावं, तर "सीझन संपूदे" एवढंच.

मावशीकडे रोह्याला गेलो तेव्हा स्टेशनच्या जिन्यातच ते खाली बसले. बोलता येईना. माझं डोकंच फिरलं. मावशी राहिली बाजूला, त्यांना रिक्षात घातलं आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. जरा दम खाऊन बाबांनी त्यांनाच निदान ऐकवलं, "धूळ हाय ती. खोकल्याचं औषध द्या."

"बघू. झोपता कसे, काका?"

"भिंतीला टेकून. आडवं झालं की जीव घुसमटतो."

बाईंनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. काढला तरी खड्डा तसाच राहिला. मग पाठीला नळी लावून किती वेळ ऐकत राहिल्या. बाहेर माणसं खोळंबलेली, पण बाईंना घाई म्हणून नाही. मला त्या तिथेच आवडल्या.

"धुळीनं खोकला येतो, छाती वाजते. तेही असेल. पण पायांची ही सूज आणि बसून झोपणं, मला हृदयाची शंका येते," त्या म्हणाल्या. स्वतःच्या शंकेवरही विसंबल्या नाहीत. लगेच कार्डिओग्राम काढला, एक्स-रे आणि इकोला पाठवलं.

शंका खरी निघाली. हृदय थकलं होतं, रक्त पुढे ढकलता येईना, म्हणून पाणी फुफ्फुसात साचत होतं. आणि आम्ही गूळ चारत होतो. त्या बाईंना हात जोडावेत, दुसरं काय.

औषधांनी पाणी उतरलं. घरी आल्यावर एका दुपारी मी चहा घेऊन गेले, तर बाबा चटईवर उताणे झोपलेले आणि आई शेजारी बसून त्यांच्या छातीकडे बघत होती.

"उठवू?"

"नको गो. मला वाटलेलं, आता यांना आडवं बघायचं ते तिरडीवरच."