हौदवाल्यांचे नाक

गावाच्या खालच्या अंगाला सांडपाण्याचा हौद आहे. घराघरांतले वापरलेले पाणी गटारातून तेथे येते. गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी खडीच्या वाफ्यातून, लव्हाळ्यांच्या मुळांतून झिरपत पुढे ओढ्याला मिळते. या साऱ्याच्या फाटकाची किल्ली ज्यांच्याकडे होती, त्यांना गाव हौदवाले म्हणत असे. गाव आपल्या नाकावर चालले आहे, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. सकाळी वाफ्याच्या काठावर उभे राहून ते दीर्घ श्वास घेत आणि पाणी खूश आहे की रुसले आहे, याचा निकाल देत.

अलीकडे पाणी रोजच खूश असे. या यशाचे श्रेय त्यांनी मोठ्या नम्रतेने स्वतःला दिले होते.

अशात गावच्या स्वच्छता समितीच्या नव्या अध्यक्षा, म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, पाहणीला येणार असे कळले. पाण्याला वास आला तर किल्ली दुसऱ्याकडे जाईल, असे त्यांनी आधीच बजावले होते. हौद गेला तर मागे नुसते ‘वाले’ उरणार, या विचाराने हौदवाल्यांची झोप उडाली.

दर वर्षी ते लव्हाळी एकेक कोपरा करून कापत आणि कापलेली बाहेर नेऊन टाकत. या वेळी मात्र बाईंना वाफा नीटनेटका दिसावा, म्हणून त्यांनी तो एका दमात भादरला आणि कापलेली लव्हाळी खडीवर गादीसारखी अंथरली. काम देखणे झाले. दोनचार दिवसांनी बायको म्हणाली, “अहो, तिकडून घाण वास येतोय.”

“तुझं नाकच नाजूक. लग्नाच्या दिवसापासून मुरडतेस.”

“त्या दिवशी कारण समोरच बसलं होतं.”

हौदवाल्यांनी वाफ्यावर जाऊन श्वास घेतला. काही नाही. बायकांना संशय फार, असे म्हणून ते परतले.

पाहणीच्या दिवशी धुतलेला सदरा घालून ते फाटकात उभे राहिले. बाई आल्या आणि आत पाऊल टाकताच त्यांनी पदर नाकाला लावला. मागून कुतूहलाने आलेली बायकोही नाक धरून उभी राहिली. हौदवाल्यांनी छाती भरून श्वास घेतला.

“बघा बाई. फुलांच्या बागेसारखं आहे की नाही?”

बाई पदराआडून म्हणाल्या, “तुम्हाला खरंच वास येत नाही?”

“कसला?”

बायकोने काठीने गादी उचलून दाखवली. खाली लव्हाळी काळी पडून कुजली होती आणि तुंबलेल्या खडीवर पाणी साचले होते. “दूध करपलं तरी तुम्हाला कळत नाही,” ती म्हणाली. “मला वाटायचं, मन राखायला गप्प बसता.”

हौदवाल्यांनी वाकून त्या काळ्या पाण्याला नाक लावले आणि पुन्हा श्वास घेतला. मग त्यांना हसू आले. “म्हणजे नाक कधीच कामावरून गेलं आणि मी त्याच्या भरवशावर रोज निकाल देतोय. पाणी रुसलं की खूश, हे मलाच ठाऊक, असं वर गावाला सांगतोय.”

“किल्लीचं काय करायचं?” बाईंनी विचारले.

हौदवाल्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि बायकोपुढे धरली. “हिच्याकडे द्या. वास ही घेईल, फावडं मी धरतो.”

“मी रोज यायचं असेल,” बायको म्हणाली, “तर तुम्ही आंघोळ करून मगच चहाला बसायचं. हे मी लग्नापासून सांगतेय.”

बाईंनी मान डोलावली. त्या आंघोळीच्या बाजूने होत्या.

कुजलेले सारे उपसून काढायला हौदवाल्यांची कंबर कामाला आली. खडी धुतली, पाणी पुन्हा झिरपू लागले आणि लव्हाळ्यांना हिरवे कोंब फुटले. आता सकाळी बायको फाटक उघडते. हौदवाले वाफ्याच्या काठावर सवयीने दीर्घ श्वास घेतात, जाणत्यासारखी मान हलवतात आणि मग निकाल काय लागला, हे पाहण्यासाठी बायकोच्या तोंडाकडे बघतात.